निवृत्त मालवाहू जहाजे आणि कृत्रिम खडपे



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीचा स्फोट झाला, ही हकिकत आपल्यापैकी काहींनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. एकाच बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा भरलेला होता. या हकिकतीत आगीचे, सोन्याच्या विटांचे आणि ६६ अग्निशामकांच्या मृत्यूचे वर्णन येते. पण ती बोट कोणत्या जातीची होती, हे सहसा कोणी विचारत नाही. कॅनडात १९४२ मध्ये बांधलेली ती बोट एका साध्या ब्रिटिश आराखड्यावर बेतलेली होती. त्याच आराखड्यात फेरफार करून अमेरिकेने ‘लिबर्टी’ जहाजे बांधली. म्हणजे फोर्ट स्टिकीन ही लिबर्टीच्या भावकीतलीच. या भावकीतील काही जहाजांचा शेवट कसा झाला, याचा विचार आपल्याला प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत २,७१० लिबर्टी जहाजे बांधली गेली. लांबी सुमारे ४४१ फूट, वेग ताशी जेमतेम ११ सागरी मैल, मालवहनाची क्षमता सुमारे १०,००० टन. जर्मन पाणबुड्या जितक्या बोटी बुडवतील त्याहून अधिक बोटी पाण्यात उतरवायच्या, एवढाच हिशेब होता. रूपाची पर्वा कोणी केली नाही. ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज तर नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत उभे राहिले. रिबिटांऐवजी वितळजोडाचा, म्हणजे वेल्डिंगचा, वापर केल्यामुळे ही गती साधली. त्याची किंमतही मोजावी लागली. थंड पाण्यात काही जहाजांना अकस्मात तडे गेले, काही तर मधोमध दुभंगली. कमी तापमानात ते पोलाद ठिसूळ होते, हे केंब्रिजमधील कॉन्स्टन्स टिपर या संशोधिकेने दाखवून दिले. पाचेक वर्षे टिकली तरी पुरे, या अपेक्षेने बांधलेली ही जहाजे प्रत्यक्षात कितीतरी अधिक टिकली. युद्धानंतर काही ग्रीक व इतर जहाजमालकांनी घेतली. शेकडो राखीव ताफ्यात नांगरून ठेवली गेली आणि तेथेच गंजू लागली.

१९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एक कायदा केला. या कायद्यान्वये निरुपयोगी लिबर्टी जहाजे किनारी राज्यांना कृत्रिम खडपे निर्माण करण्यासाठी देण्याची तरतूद झाली. अलाबामाने ती घेतली. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगत १९७४ मध्ये ‘थिओडोर पार्कर’ तळाशी गेले. टेक्सासने १९७५-७६ मध्ये बारा जहाजे मेक्सिकोच्या आखातात बुडवली. बुडवणे म्हणजे केवळ भोक पाडणे नव्हे. आधी तेल, इंधन व तरंगणाऱ्या वस्तू काढून टाकाव्या लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या तळाला अडथळा होऊ नये म्हणून वरचे मजले कापले जातात.

आखाताचा तळ बहुतांशी वाळूचा व चिखलाचा, सपाट आहे. कालवे, स्पंज, शेवाळ यांची सूक्ष्म पिले प्रवाहाबरोबर वाहत असतात, पण त्यांना चिकटायला टणक पृष्ठभाग लागतो. जहाजाचा पत्रा तो पुरवतो. प्रथम जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, मग चिकटून राहणारे जीव, मग त्यांच्या आधाराने लहान मासे, आणि त्यांच्या मागोमाग रेड स्नॅपर व हेकरूसारखे मोठे मासे. रेड स्नॅपर हा आपल्या तांबोशीच्या कुळातला. मालाच्या रिकाम्या कोठारांतील अंधार त्यांना मानवतो.

येथे शब्दांकडेही लक्ष द्यावे. वृत्तपत्रे ‘जहाजाला जलसमाधी दिली’ असे लिहितात. समाधी घेणारा स्वेच्छेने घेतो. जहाजाला इच्छा नसते, आणि जहाज देणाऱ्या शासनाला जुन्या लोखंडाची अडगळ दूर करायची असते. ‘कृत्रिम प्रवाळभित्ती’ हाही शब्द फसवा आहे, कारण या खडपावर प्रवाळ असेलच असे नाही. कोकणातल्या मच्छीमाराचा ‘खडप’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो.

आता मुख्य वाद. जहाजाभोवती मासे दिसतात, यात शंका नाही. प्रश्न असा की, ते तेथे वाढले की नुसते जमले? बाजाराच्या दिवशी गावात माणसे वाढलेली दिसतात, म्हणून गावात जन्म वाढले असे आपण म्हणत नाही. अमेरिकी संशोधक जेम्स बोन्सॅक यांनी १९८९ मध्ये हाच मुद्दा नेमकेपणाने मांडला: माशांची संख्या निवाऱ्याच्या अभावामुळे खरोखर अडलेली असेल, तरच नवा निवारा त्यांची संख्या वाढवील; एरवी तो विखुरलेल्या माशांना एका ठिकाणी आणतो. अशा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जाहीर असले, तर गळ टाकणाऱ्याचे काम सोपे होते आणि आधीच अतिमासेमारीने खचलेली जात आणखी खचू शकते. माझे मत असे की, मासेमारीवर मर्यादा न घालता बुडवलेले जहाज हे माशांच्या निवाऱ्यापेक्षा सापळ्याच्या अधिक जवळ जाते. ‘खडप’ या नावाखाली काय खपवले जाऊ शकते, हे फ्लोरिडातील ऑस्बोर्न प्रयोगाने दाखवले. तेथे १९७२ पासून सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले गेले. बांधलेल्या पट्ट्या सुटल्या आणि सुटे टायर शेजारच्या जिवंत प्रवाळावर आदळू लागले. ते काढण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. त्या मानाने लिबर्टीचा जड सांगाडा जागचा फारसा हलत नाही, ही त्याची जमेची बाजू. मात्र तोही दरवर्षी थोडा गंजतो.

हा विषय आपल्या किनाऱ्यापर्यंत आलेला आहे. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम खडप म्हणून वापरण्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे देण्यात आली. ती मालवाहू नव्हे, सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी नौका. पण वरील प्रश्न तिलाही लागू पडतात.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘वाढणे’ आणि ‘जमणे’ यांतील भेद पाठातील उदाहरणाखेरीज आपल्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. आपल्या जवळच्या मासळीबाजारातील विक्रेत्यांशी बोलून, मासे जमण्याच्या जागांसाठी ते कोणते शब्द वापरतात त्यांची नोंद करा व ‘कृत्रिम प्रवाळभित्ती’ या शब्दाला त्यांतील कोणता पर्याय योग्य ठरेल, ते सकारण लिहा.