मानेतील रोहिणी आणि अर्धांगवायू

‘अंगावरून वारे गेले’ असे आपण म्हणतो, आणि ते वारे आले कोठून याचा विचार करीत नाही. कित्येक रोग्यांत त्याचा उगम मानेत असतो. जबड्याच्या कोनाखाली एका बाजूस बोट हलकेच ठेवले असता जी नाडी उडताना लागते, ती कॅरॉटिड रोहिणी. मानेतच तिला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह व रक्तातील मेद यांच्यामुळे नेमका या दुफाट्याशी थर साचतो. मार्ग अरुंद होतो हे खरे. परंतु पुष्कळदा घात होतो तो थरावरील गुठळीचा कण सुटून मेंदूतील बारीक वाहिनीत अडकल्यामुळे.

कधी कधी आधी सूचना मिळते. एका डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा अंधार येतो, हातातील पेला गळून पडतो, जीभ अडखळते. आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते. डाव्या रोहिणीच्या विकारात हात उजवा लुळा पडतो, डोळा मात्र डावाच अंधारतो. ‘आता बरे वाटते ना, मग पाहू उद्या’ असे म्हणणारी वडील मंडळी घरोघरी आहेत. वास्तविक पुढचे थोडे दिवसच सर्वांत धोक्याचे असतात.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९५४ साली अशाच एका ६६ वर्षांच्या बाईस ३३ वेळा असे झटके येऊन गेले होते. ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब या डॉक्टरांनी बर्फाने तिचे शरीर थंड करून रोहिणीचा अरुंद भाग कापून काढला व टोके जोडली. झटके थांबले. आता बहुधा रोहिणी उघडून आतील थर तेवढा सोलून काढतात. अमेरिकेत डीबेकी यांनी १९५३ मध्येच तसे केले होते. मात्र ते प्रसिद्ध केले पुष्कळ वर्षांनी.

लाभ किती, हे १९९१ साली उत्तर अमेरिकेतील चाचणीने दाखविले. लक्षणे होऊन गेलेल्या व ७० ते ९९ टक्के अरुंद रोहिणी असलेल्या रोग्यांपैकी नुसत्या औषधांवर दोन वर्षांत शेकडा २६ जणांना त्या बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत शेकडा ९ जणांना. ती दोन आठवड्यांच्या आत झाल्यास लाभ अधिक. परंतु खुद्द शस्त्रक्रियेतही झटक्याचा धोका असतो. तेव्हा शल्यवैद्यास त्याच्या स्वतःच्या रोग्यांचे आकडे विचारण्यात संकोच कसला? जांघेतून वा मनगटातून नळी घालून जाळीदार स्टेंट बसविण्याचीही सोय आहे. सत्तरीपुढच्या रोग्यांत मात्र तीत झटक्याचे प्रमाण अधिक आढळले, तर शस्त्रक्रियेत हृदयविकाराचे.

लक्षण काहीच नाही, केवळ सोनोग्राफीत अरुंदपणा दिसला, तर घाई नको. ॲस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाची औषधे व तंबाखूचा त्याग यांवरच पुष्कळांचे भागते. अशांपैकी कोणावर शस्त्रक्रिया करावी याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. रोहिणी पूर्ण बंदच झाली असेल, तर सहसा तिला हात लावीत नाहीत.