घरातली तार किती जाडीची?

कासूच्या शेतकऱ्याला पाटाची गोष्ट शिकवावी लागत नाही. पाट अरुंद आणि पाणी फार, की पाणी बांध फोडते. विजेचेही थोडेसे तसेच आहे. तारेतून वीज वाहते, त्याला प्रवाह म्हणतात. तो अँपिअरमध्ये मोजतात. तार बारीक आणि प्रवाह फार झाला, की तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर ताप दुप्पट नव्हे, चौपट होतो! तारेवरचे प्लॅस्टिक साधारण ७० अंशांपर्यंतच नीट टिकते. पुढे ते मऊ पडते, तडकते. मग उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि ठिणगी उडते. माळ्यावर भाताचा पेंढा असेल, तर पुढचे सांगायला नको.

मग जाडी ठरवायची कशी? हिशेब सोपा आहे. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३० ने भागा. येतील ते अँपिअर. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड घ्या. १५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. इस्त्री १००० वॅटची असेल तर सव्वाचारच्या थोडे वर. ९ वॅटचा दिवा मात्र अर्धा अँपिअरही घेत नाही. गणपतीला मुंबईची मंडळी घरी येतात. एकाच बोर्डावर रॉड, इस्त्री आणि मिक्सर लावतात. तेव्हा ही बेरीज आधी करावी, बरे का!

तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात. दुकानात नुसते 'दीडची', 'अडीचची', 'चारची' म्हणतात. भिंतीतल्या नळीत घातलेली तांब्याची दीडची तार साधारण १३ अँपिअर सोसते. अडीचची १८, आणि चारची २४. दिवे-पंख्यांना दीडची पुरे. रॉड, इस्त्री किंवा गिझर लावायच्या मोठ्या प्लगला अडीचची घ्यावी. गुंडाळीवर आय. एस. आय. ची खूण आणि जाडीचा आकडा वाचून घ्या. आता वाचता येते, तर दुकानदाराच्या तोंडावर का अवलंबून राहायचे? वरचे प्लॅस्टिक जाड असले म्हणून तार जाड होत नाही. वीज तांब्यातून वाहते.

आता फ्यूजबद्दल. फ्यूज हा तारेचा राखणदार आहे. प्रवाह फार झाला की तो आधी वितळतो आणि तार वाचते. आजकाल त्याच्या जागी एम. सी. बी. चा खटका असतो. तो आपोआप पडतो. हा राखणदार तारेहून दुबळाच हवा. दीडच्या तारेला १० अँपिअरचा, अडीचच्या तारेला १६ चा. "गुरुजी, फ्यूज सारखा उडतो, म्हणून जाड तार बांधली," असे लोक आम्हाला सांगतात, आणि तेही मोठ्या हुशारीने! अहो, राखणदाराला बांधून ठेवले, तर चोर घरात शिरणारच. फ्यूज उडतो तेव्हा भार कमी करा, किंवा वायरमनला बोलवा.

विहिरीच्या पंपाची गोष्ट निराळी आहे. तिथे अंतर आडवे येते. समजा, विहीर घरापासून ६० मीटरवर आहे. वीज जाऊन परत येते, म्हणजे तार १२० मीटर झाली. एक अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण ६ अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाचपट. एकची बारीक तार टाकली, तर सुरू होताना वाटेतच ५०-६० व्होल्ट खर्च होतात. संध्याकाळी गावात दाब आधीच २०० वर आलेला असतो. मग पंप नुसता घूं घूं करतो, फिरत नाही, आणि आतले वाइंडिंग जळते. चारची तार टाकली, तर १५-१८ व्होल्टच जातात. पंप चालतो.

लांब अंतराची ही अडचण मोठ्या वीजघरांनाही असते. आपल्याच जिल्ह्यात भिरा येथे टाटांचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. तिथली वीज मुंबईला गेली, ती एक लाखाहून अधिक व्होल्टच्या दाबाने. दाब वाढवला, की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो आणि वाटेतली नासाडी घटते. आपल्याला घरी दाब वाढवता येत नाही. म्हणून तार जाड घ्यायची.

जुन्या घरात तार पुरते की नाही, हे पाहायची एक रीत आहे. रॉड अर्धा तास चालवा. मग खटका बंद करा, प्लग काढा आणि प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. वायरमन येऊन पाहीपर्यंत त्या प्लगला रॉड लावू नका.