कोळशावरील कर आणि स्वच्छ वीज

विजेचे देयक हाती पडले की ग्राहकाची दृष्टी प्रथम शेवटच्या आकड्याकडे जाते. त्या आकड्याच्या वर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा निरनिराळ्या रकमा मांडलेल्या असतात. विजेसाठी जो जो खर्च होतो तो सर्व या रकान्यांत आला असेल, अशी त्याची सहज समजूत होते. वस्तुतः एक मोठा खर्च या देयकात कोठेही आढळत नाही. कोळसा जाळताना जी राख आसपासच्या गावांवर बसली, जो धूर हवेत मिसळला आणि जो कार्बन डायऑक्साइड वायू वातावरणात साठून राहिला, त्यामुळे होणाऱ्या हानीचा हा खर्च होय. तो कोणालाच भरावा लागत नाही असे मात्र नाही. औष्णिक केंद्राच्या परिसरातील श्वसनविकाराचा रुग्ण तो भरतो, हवामानाच्या लहरीमुळे हातचे पीक गमावणारा शेतकरी तो भरतो आणि पुढील पिढ्यांनाही तो भरावा लागणार आहे. ज्याने वीज निर्माण केली आणि ज्याने ती वापरली, त्यांच्या हिशेबात तेवढा तो येत नाही.

हा खर्च हिशेबात आणण्याचा एक मार्ग म्हणजे प्रदूषण करणाऱ्या इंधनावर कर बसविणे. केंब्रिज विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. एखाद्या उद्योगामुळे त्रयस्थांचे नुकसान होत असेल तर त्या नुकसानीच्या प्रमाणात उद्योगावर कर आकारावा. म्हणजे मालाच्या किंमतीत ते नुकसान प्रतिबिंबित होईल आणि उत्पादक स्वतःच्या हितासाठीच कमी हानिकारक मार्ग शोधू लागेल, असे या विचाराचे सार आहे. फिनलंडने १९९० साली आणि स्वीडनने १९९१ साली कार्बन कर लागू करून हे तत्त्व व्यवहारात आणले.

ऊर्जा कर आणि कार्बन कर

या दोन करांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. महाराष्ट्रात विजेच्या वापरावर वीज शुल्क आकारले जाते. हा ऊर्जेवरील कर होय. ग्राहकाच्या घरी आलेली वीज चंद्रपूरच्या कोळशापासून झाली, कोयनेच्या पाण्यापासून झाली की साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्कीपासून झाली, याची विचारणा हे शुल्क करीत नाही. विजेची काटकसर करण्यास त्यामुळे थोडे उत्तेजन मिळेल. परंतु स्वच्छ विजेला झुकते माप मिळणार नाही.

कार्बन कराचे स्वरूप निराळे असते. तो इंधनातून बाहेर पडणाऱ्या कार्बनच्या प्रमाणात बसतो. कोळशावर तो सर्वांत अधिक, नैसर्गिक वायूवर त्याच्या सुमारे निम्म्याने, तर पाणी, वारा आणि सूर्यप्रकाश यांवर मुळीच बसत नाही. एक कर वापर कमी करण्यास सांगतो; दुसरा निर्मितीची रीत बदलण्यास सांगतो. स्वच्छ वीजनिर्मिती हे उद्दिष्ट असेल तर दुसऱ्या प्रकारचा कर अधिक नेमका ठरतो.

भारतातील प्रयोग

भारताने कार्बन कर या नावाचा कर कधी बसविला नाही. परंतु १ जुलै २०१० पासून केंद्र शासनाने कोळसा, लिग्नाइट आणि पीट यांवर स्वच्छ ऊर्जा उपकर लागू केला. देशात काढलेला आणि परदेशांतून आणलेला, अशा दोन्ही प्रकारच्या कोळशाला तो लागू होता. आरंभी त्याचा दर टनास ५० रुपये होता. २०१४ मध्ये तो १०० रुपये, २०१५ मध्ये २०० रुपये आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला; त्याच वेळी त्याचे नाव स्वच्छ पर्यावरण उपकर असे बदलण्यात आले. सहा वर्षांत आठपट झालेला हा उपकर म्हणजे विकसनशील देशाने उचललेले धाडसी पाऊल होते.

टनाच्या भाषेत सांगितलेला हा दर ग्राहकाच्या भाषेत आणला म्हणजे त्याचा अर्थ स्पष्ट होतो. टनास ४०० रुपये म्हणजे किलोस ४० पैसे. चांगली कार्यक्षमता असलेल्या नव्या संचात एक युनिट वीज निर्माण करण्यास ६०० ग्रॅम कोळसा लागतो असे धरल्यास युनिटमागे उपकर २४ पैसे होतो. जुन्या संचास त्याच युनिटासाठी ७५० ग्रॅम कोळसा लागत असेल तर तो ३० पैसे होतो. म्हणजे दोन्ही केंद्रांवर दर एकच असूनही जुन्या संचावर सहा पैशांचा अधिक भार येतो.

सहा पैसे ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु वीज क्षेत्रात ती क्षुल्लक नसते. कोणत्या क्षणी कोणत्या केंद्रातून वीज घ्यावयाची हे भार प्रेषण केंद्र ठरविते. इंधनाचा खर्च ज्याचा सर्वांत कमी त्या केंद्राची वीज प्रथम, त्यानंतर त्याहून महाग केंद्राची, अशी क्रमवारी लावलेली असते. या क्रमवारीत काही पैशांच्या फरकाने एखादा संच वर जातो आणि दुसरा बंद ठेवावा लागतो. ६६० मेगावॅट क्षमतेच्या कोराडीतील नव्या संचांना आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जुन्या संचांना एकाच टनामागे सारखा कर द्यावा लागला, तर कमी कोळशात अधिक वीज देणाऱ्या संचाला आपोआप प्राधान्य मिळते.

सौर आणि पवन विजेवर मात्र या कराचा परिणाम वेगळ्या रीतीने होतो. त्यांना इंधनच लागत नसल्याने ऊन वा वारा असेल तेव्हा ती वीज क्रमवारीत प्रथमच असते. कराचा प्रभाव पडतो तो नवे केंद्र कोणते उभारावे या निर्णयावर. राजस्थानातील भडला येथे २०१७ साली सौर विजेचा लिलाव युनिटला २ रुपये ४४ पैसे इतक्या खाली आला. अशा वेळी कोळशाच्या विजेवरील २४ ते ३० पैशांचा भार नव्या गुंतवणुकीचे पारडे फिरविण्यास हातभार लावू शकतो.

ब्रिटनचा अनुभव

कराच्या सामर्थ्याचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. लोकांना वीज पुरविणारे कोळशाचे पहिले केंद्र १८८२ साली लंडनमध्ये सुरू झाले. पुढे शतकाहून अधिक काळ त्या देशाची वीज मुख्यतः कोळशावर अवलंबून राहिली. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापार योजनेतील कार्बनचा भाव घसरल्याने ब्रिटिश शासनाने एप्रिल २०१३ पासून वीजनिर्मितीच्या इंधनावर स्वतंत्र कर बसविला. २०१६ पासून हा दर कार्बन डायऑक्साइडच्या टनास १८ पौंड, म्हणजे तत्कालीन विनिमय दराने सुमारे दीड हजार रुपयांच्या वर होता. २०१२ मध्ये ब्रिटनच्या विजेत कोळशाचा वाटा सुमारे ४० टक्के होता. २०१९ मध्ये तो सुमारे २ टक्क्यांवर आला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे तेथील कोळशाचे अखेरचे केंद्र बंद झाले.

हे श्रेय एकट्या कराचे नाही. प्रदूषणाच्या कडक नियमांमुळे जुनी केंद्रे आधीच निवृत्तीकडे झुकली होती आणि समुद्रातील पवन ऊर्जेला शासनाचे मोठे साहाय्य होते. शिवाय कर लागू झाला तेव्हा वायूवर चालणारी केंद्रे तयार होती. कोळसा महाग होताच वीज तिकडून घेता आली.

भारतात ही सोय नाही. उरण येथील ६७२ मेगावॅटच्या वायू विद्युत केंद्राला पुरेसा वायू न मिळण्याची अडचण महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. भारतीय कोळशाच्या एका टनातून सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर ४०० रुपयांचा उपकर कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे सुमारे २६५ रुपये होतो. दर ब्रिटनच्या कितीतरी खाली आणि जवळ पर्यायी इंधन नाही, अशा स्थितीत कर एकट्याने मोठे परिवर्तन घडवील ही अपेक्षा रास्त नव्हती. २०२४-२५ मध्येही देशातील सात दशांशाहून अधिक वीज कोळशापासूनच निर्माण झाली.

पैशाचा विनियोग

कराला दोन हात असतात. एका हाताने तो किंमत वाढवितो, दुसऱ्या हाताने निधी उभा करतो. पहिला हात दुबळा असेल तर दुसऱ्याचे महत्त्व वाढते. उपकराच्या उत्पन्नातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी स्थापन करण्यात आला, तो याच हेतूने. सौर अभियान आणि नवीकरणीय वीज वाहून नेणाऱ्या हरित वाहिन्या यांना या निधीतून साहाय्य मिळाले. गंगा शुद्धीकरणासारख्या कामांकडेही काही रक्कम गेली.

तथापि जमा आणि विनियोग यांत मोठे अंतर राहिले. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात उपकरापोटी सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी सुमारे २९ हजार ६०० कोटी रुपये निधीकडे वर्ग झाले आणि प्रत्यक्ष उपयोगात आले ते सुमारे १५ हजार ९०० कोटी. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. टनामागे ४०० रुपयांची आकारणी तशीच राहिली. पण तिचे रूपांतर राज्यांना महसुलाची भरपाई देणाऱ्या उपकरात झाले. राज्यांना या भरपाईची गरज होती यात शंका नाही. परंतु कोळशाचा पैसा स्वच्छ विजेकडे नेणारा दुवा त्या दिवशी तुटला.

२०२५ चा बदल

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा भरपाई उपकर रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. कर गेला नाही, त्याचे माप बदलले. पूर्वीचे माप वजनाचे होते, आताचे किंमतीचे आहे.

एका उदाहरणाने हा फरक उमगेल. टनास १,५०० रुपये किंमतीच्या हलक्या कोळशावर पूर्वी ७५ रुपये कर आणि ४०० रुपये उपकर असे ४७५ रुपये द्यावे लागत. आता २७० रुपये द्यावे लागतात. टनास ४,००० रुपये किंमतीच्या कोळशावर पूर्वी ६०० रुपये बसत. आता ७२० रुपये बसतात. किंमत ३,०७७ रुपयांच्या आसपास असेल तर दोन्ही रीतींनी आकारणी सारखीच होते. म्हणजे स्वस्त, अधिक राखेच्या कोळशाचा भार हलका झाला आणि अधिक उष्मांकाच्या महाग कोळशाचा वाढला. देशी कोळसा वापरणाऱ्या वीज केंद्रांचा खर्च यामुळे कमी होतो व ग्राहकाला त्याचा लाभ मिळू शकतो. परंतु स्वच्छ विजेच्या दृष्टीने पाहिल्यास वजनाचे माप कार्बनच्या अधिक जवळ होते. किंमतीचे माप त्यापासून दूर गेले आहे.

दुसरीकडे केंद्र शासनाने २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा उद्योगांना उत्सर्जनाची उद्दिष्टे ठरवून देण्याची ही योजना असून तिच्या आरंभीच्या टप्प्यात वीजनिर्मितीचा समावेश करण्यात आलेला नाही. युरोपीय संघाने आयात मालातील कार्बनवर आकारणी करण्याची व्यवस्था २०२६ पासून अंमलात आणली आहे. मूळ देशात कार्बनची किंमत मोजली असल्यास तिची वजावट देण्याची तरतूद तीत आहे. त्यामुळे कार्बनची किंमत कोणत्या नावाने आणि कोणत्या मापाने आकारावी, हा प्रश्न निर्यातदारांच्याही जिव्हाळ्याचा झाला आहे.

भार कोणी सोसावा?

कोणताही कर लोकांनी स्वीकारल्याशिवाय टिकत नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१२ मध्ये कार्बनच्या टनावर २३ डॉलरची आकारणी सुरू केली. वीज महागल्याच्या तक्रारीतून राजकीय वाद पेटला आणि दोनच वर्षांत ती रद्द झाली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कार्बन कर लावताना तेवढ्याच रकमेने इतर कर कमी केले. तेथील कर बराच काळ टिकला. तरी सर्वसामान्य ग्राहकांवरील त्याचा भाग एप्रिल २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. घेतलेला पैसा कोठे जातो हे लोकांना दिसले पाहिजे, असा यातील बोध आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न दोन बाजूंनी भिडतो. कोळशावरील कर अखेर इंधन समायोजन आकाराच्या वाटेने ग्राहकाच्या देयकात उतरतो आणि शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या कुटुंबालाही तो जाणवतो. दुसरी बाजू चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळसापट्ट्याची आहे. २,९२० मेगावॅटचे चंद्रपूर केंद्र आणि भोवतीच्या खाणी यांवर हजारो कुटुंबांची चूल पेटते. राखेचा त्रासही याच लोकांनी सोसला आहे. कोळसा हळूहळू मागे सरणार असेल तर त्यावरील कराच्या उत्पन्नावर पहिला हक्क या परिसराचा असला पाहिजे. कामगारांच्या मुलांना नव्या व्यवसायांचे शिक्षण, खाणींनी उकरलेल्या जमिनीचे पुनर्वसन आणि पिण्याचे शुद्ध पाणी ही कामे त्यातून व्हावयास हवीत.

सौर वीज दिवसा मिळते आणि मागणीचा जोर संध्याकाळी असतो, हीही अडचण आहे. घाटघर येथील २५० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पाप्रमाणे पाणी वर चढवून वीज साठविण्याच्या योजनांना, तसेच कृषी वाहिन्यांना दिवसा सौर वीज पुरविण्याच्या कामाला मोठे भांडवल लागते. कोळशावरील कर अशा कामांशी बांधला गेला, तर आज जळणाऱ्या कोळशातून उद्याच्या विजेची तरतूद होऊ शकेल.

दर किती असावा याविषयी मतभेद राहतील. परंतु माप कार्बनचे असावे, वाढ टप्प्याटप्प्याने आणि आगाऊ जाहीर केलेली असावी, उत्पन्नाचा विनियोग उघड असावा आणि गरीब ग्राहकास संरक्षण मिळावे, या चार गोष्टी आतापर्यंतच्या अनुभवातून निष्पन्न झाल्या आहेत. विजेच्या देयकात आज न दिसणारा खर्च कधीतरी दिसू लागेल. तो न्याय्य रीतीने मांडला जावा, यातच ग्राहकाचे आणि चंद्रपूरच्या खाणकामगाराचेही हित आहे.