रक्ताची गाळणी

मधुमेहाचा रोगी निर्धन असेल, तर त्याने पायांत जोडा न घालता व डोक्यावर छत्री न धरता शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असा उपचार सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. आजचे डॉक्टर त्यातील चालणे राखतील. जोडा मात्र आवर्जून घालावयास लावतील. कारण या रोगात पुष्कळदा पाय बधिर होतात आणि रुतलेला काटाही कळत नाही. तथापि श्रमाचे मोल त्या प्राचीन वैद्यांनी ओळखले होते, हे खरे. चालण्याचा लाभ पायांपुरताच नसतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या मूत्रपिंडांनाही तो पोहोचतो.

मूत्रपिंड असते मुठीएवढे. पण प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व शरीर परत घेते व जेमतेम दीड लिटर मूत्र बाहेर पडते. रक्तातील प्रथिने मात्र निरोगी गाळणी सहसा सुटू देत नाही. मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की या गाळण्यांतील नाजूक केशवाहिन्यांवर दाब वाढतो, त्यांच्या भिंती बिघडतात आणि प्रथिने मूत्रात झिरपू लागतात. या वेळी ना वेदना होते, ना ताप येतो. रोगी आपल्या कामात मग्न असतो आणि इकडे एकेक गाळणी निकामी होत असते. नष्ट झालेली गाळणी पुन्हा उगवत नाही. मूत्राची तपासणी केली, तरच ही गळती उघडकीस येते.

साखरेस स्नायूंच्या पेशींत शिरण्यासाठी एरवी इन्सुलिन हा शरीरातील रस लागतो. मधुमेहात तो अपुरा पडतो, अथवा पेशी त्याला दाद देत नाहीत. पण मनुष्य झपझप चालू लागला, की राबणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात. चालणे थांबल्यावरही कित्येक तास पेशी इन्सुलिनला अधिक दाद देतात. नियमित व्यायामाने रक्तदाबही उतरतो. असा दुहेरी भार हलका झाला, म्हणजे गाळण्यांची झीज मंदावण्यास मदत होते. औषधाची जागा मात्र चालणे घेऊ शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस आठवड्यातून निदान १५० मिनिटे असा व्यायाम सांगितला आहे. शंभर योजनांच्या मानाने हे काहीच नव्हे! इन्सुलिन टोचून घेणाऱ्याने मात्र निघताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. वाटेत हातपाय कापू लागले व दरदरून घाम सुटला, तर रक्तातील साखर फार उतरली असे समजून ती लगेच तोंडात टाकावी आणि जागीच बसावे.