ड्रोन उडवण्याआधी विमानतळाचे अंतर पाहा



मागील स्नेहसंमेलनाच्या वेळी एका पालकांनी सुचवले, "चित्रीकरण ड्रोनने करू या." आम्ही लगेच होकार दिला. तेव्हा नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपल्या शाळेपासून विमानतळ किती दूर आहे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. होकार मागे घेऊन आम्ही आधी नियम वाचले. चित्रीकरण साध्या कॅमेऱ्यानेच झाले. जे वाचले ते येथे देत आहोत.

धोका कोणता?

उतरणारे विमान साधारण ३ अंशांच्या कोनाने खाली येते. म्हणजे टेकण्याच्या जागेपासून २ किलोमीटरवर त्याची उंची सुमारे १०५ मीटरच असते व वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. छंदाचा ड्रोन एवढी उंची सहज गाठतो. पतंग कागदाचा असतो. ड्रोनमध्ये मोटर व बॅटरी असते. २०१४ मध्ये आपल्याच सुरतच्या धावपट्टीवर एका विमानाला म्हैस धडकली होती. प्रवासी सुखरूप राहिले, पण धावपट्टीवर भलती वस्तू येणे म्हणजे काय, हे सुरतकरांना वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या वार्तेवरून लंडनचा गॅटविक विमानतळ सुमारे दीड दिवस ठप्प होता.

नियम काय सांगतात? (ड्रोन नियम, २०२१)

१. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशात हिरवा, पिवळा व लाल असे तीन विभाग आहेत. हिरव्या विभागात १२० मीटर (४०० फूट) उंचीपर्यंत अनुमती लागत नाही. पिवळ्यात विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची व लाल विभागात केंद्र सरकारची अनुमती लागते.

२. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक ६० मीटर (२०० फूट) एवढीच आहे. त्याहून जवळ ती मुळीच नाही. मगदल्ला, वेसू येथे राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

३. २५० ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो' व छंदासाठी २ किलोपर्यंतचा 'मायक्रो' ड्रोन उडवण्यास पायलट प्रमाणपत्र लागत नाही. परंतु विभागांचे बंधन त्यांनाही आहे. "लहान आहे, चालेल" हा समज चुकीचा.

४. पोलीस अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करू शकतात. म्हणून कालचा नकाशा आज चालत नाही.

५. नियमभंगास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मुलांनो, एक गंमत सांगतो. १९३४ च्या विमान कायद्यात 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत पतंगही होता! १ जानेवारी २०२५ पासून त्या जागी नवा कायदा आला. आकाश मोकळे दिसले तरी त्याला वाटा असतात, हे मात्र तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

पालकांना विनंती, वाढदिवसाला ड्रोन घ्याल तर मुलासोबत बसून नकाशाही उघडा. प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीचे आम्ही प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर आभार मानले. मोठ्यांचे चुकत असेल तर नम्रपणे विचारावे, हाही एक धडाच आहे.

स्वाध्याय : ३ अंशांच्या कोनाने उतरणारे विमान टेकण्याच्या जागेपासून ४ किलोमीटरवर असताना किती उंचीवर असेल? आकृती काढून सोडवा.