घटक ६ : लिनक्स प्रणालीचे नव्या हार्ड डिस्कवर स्थलांतर

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• फायलींची प्रत आणि प्रणालीचे स्थलांतर यांतील फरक सांगता येईल.
• स्थलांतराच्या पायऱ्या योग्य क्रमाने मांडता येतील.
• देवनागरी नावांच्या फायलींबाबत घ्यावयाची काळजी स्पष्ट करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोलीच्या अभ्यासकाला आज वहीइतकीच संगणकाचीही गरज भासते. समजा, चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत असलेल्या ऊर्जानगरात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने झाडीबोलीतील म्हणी, लग्नगीते आणि दंडारीतील संवाद तीन वर्षे ध्वनिमुद्रित केले आहेत. सांगणाऱ्यांपैकी काही वृद्ध आज हयात नाहीत. त्यांचा आवाज केवळ तिच्या संगणकात उरला आहे. हा संगणक लिनक्सवर चालतो आणि त्याची जुनी हार्ड डिस्क आता खरखरू लागली आहे. प्रणाली आणि संकलन दोन्ही नव्या डिस्कवर कसे न्यावे, हे या घटकात पाहू.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ प्रत आणि पत्ता

वसाहतीतील कुटुंब एका क्वार्टरमधून दुसऱ्या क्वार्टरमध्ये गेले, तर सामान हलवून काम संपत नाही. गॅस आणि टपालासाठीचा पत्ताही बदलावा लागतो. लिनक्सचेही तसेच आहे. डिस्कच्या प्रत्येक पार्टिशनवरील फाइल प्रणालीला ‘यूयूआयडी’ नावाचा ओळख क्रमांक असतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालींमध्ये तो १२८ बिटांचा असून ३२ षोडशमान अंकांत लिहिला जातो. संगणक सुरू होताना ‘एफएसटॅब’ या फाइलमधील क्रमांक वाचून कोणते पार्टिशन कोठे जोडायचे, हे ठरते. नव्या डिस्कवर नवी फाइल प्रणाली तयार केली की तिला नवा क्रमांक मिळतो. एफएसटॅबमध्ये जुनाच क्रमांक राहिला, तर सर्व फायली पोहोचूनही संगणक जुन्या पार्टिशनचा शोध घेत अडून राहतो.

६.३.२ दोन मार्ग

पहिला मार्ग ‘डीडी’ या आज्ञेचा. ती संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत करते. त्यामुळे नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. ओळख क्रमांकही तेच राहतात, म्हणून दोन्ही डिस्क जोडून संगणक सुरू केल्यास गोंधळ होतो. दुसरा मार्ग ‘आरसिंक’चा. त्यात फायली, त्यांची मालकी, परवानग्या आणि वेळ यांसह उतरवल्या जातात; मात्र क्रमांक आपण बदलावे लागतात. डिस्क वाचताना चुका होत असतील, तर ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे. ते आधी निरोगी भाग वाचून घेते आणि खराब भागाकडे नंतर वळते.

६.३.३ आरसिंकने स्थलांतराचा क्रम

१. सर्वप्रथम संकलनाची प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर घ्यावी. आजारी डिस्क केव्हा बंद पडेल, याचा नेम नसतो.
२. पेनड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्सने संगणक सुरू करावा. त्यामुळे प्रत होत असताना जुन्या डिस्कवरील फायली बदलत नाहीत.
३. दोन्ही डिस्कची नावे त्यांच्या आकारावरून आणि मॉडेलवरून पडताळावीत. येथे अदलाबदल झाली, तर संकलनच पुसले जाईल.
४. नव्या डिस्कवर पार्टिशन करावेत. ५१२ बाइटच्या सेक्टरच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सुमारे २ टेराबाइटपर्यंतचीच जागा वापरता येते. मोठ्या डिस्कसाठी जीपीटी निवडावी. यूईएफआय संगणकात फॅट-३२ चे छोटे ईएफआय पार्टिशनही लागते.
५. आरसिंकने फायली उतरवाव्यात आणि एफएसटॅबमध्ये नवे क्रमांक लिहावेत.
६. ‘सीएचरूट’द्वारे नव्या प्रणालीत जाऊन ग्रब हा बूटलोडर पुन्हा बसवावा.
७. जुनी डिस्क काढून संगणक सुरू करावा. ती जोडलेली राहिली, तर संगणक तिच्यावरूनच सुरू होऊनही काम फत्ते झाल्याचा भास होऊ शकतो.

६.३.४ देवनागरी नावांची काळजी

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘दंडार’ या शब्दात ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट आहेत. ईएक्सटी-४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने देवनागरीत ८५ चिन्हेच मावतात. गीताची पूर्ण पहिली ओळ नाव म्हणून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लाइव्ह लिनक्सच्या काळ्या पडद्यावर नावांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसली, तरी नाव बिघडले असे समजून ते बदलू नये. बहुधा तेथे देवनागरी दाखवण्याची सोय नसते, एवढेच. बाह्य डिस्क फॅट किंवा एक्सफॅट असल्यास मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत. म्हणून तिच्यावर घेतलेली प्रत ध्वनिमुद्रणांसाठी पुरेशी असली, तरी प्रणालीसाठी पुरेशी नसते.

६.४ सारांश

स्थलांतर म्हणजे प्रत, नवा पत्ता आणि पडताळणी. नवी डिस्क एकटीने संगणक सुरू करते आणि ध्वनिमुद्रणे उघडून ऐकता येतात, याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. प्रणाली पुन्हा बसवता येते. गेलेल्या माणसाचे गीत पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. सर्व फायली उतरवूनही नवी डिस्क संगणक सुरू का करू शकत नाही?
२. डीडी आणि आरसिंक यांची तुलना करा.
३. आपल्या संकलनातील सर्वांत लांब फाइलनावाची चिन्हे मोजा आणि त्याचे बाइट काढा.