लायसन्स कुठलं, नोकरी कुठली?

१. फ्लाइंग स्कूल नंतर, आधी नोकरी कुठे करायची ते ठरवा. घरचे फी विचारतात, देश कुणी विचारत नाही. नुसत्या अमेरिकी लायसन्सवर इंडिगो-एअर इंडियाच्या विमानात बसता येतं, पण प्रवासी म्हणून. डीजीसीएचे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचे पेपर आणि रेडिओचं आरटीआर कुणाला चुकलेलं नाही.

२. सगळे तास सारखे नसतात. आपल्याकडे सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक लायसन्सला, किमान 200 तास लागतात, त्यांतले 100 पीआयसी, म्हणजे कमांड तुमच्याकडे असतानाचे. मी अ‍ॅरिझोनात शिकले. तिथे तास वाढवायला दोघं मिळून एक सेसना भाड्याने घेतात. एक जण डोळ्यांवर हूड चढवतो आणि नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर उडवतो. शेजारचा सेफ्टी पायलट बाहेर लक्ष ठेवतो. आधी ठरवून घेतलं असेल, तर अमेरिकी नियमांनुसार दोघंही तोच तास पीआयसी म्हणून लिहू शकतात. युरोपच्या हिशेबात एका वेळी कमांडर एकच. तेव्हा असे तास लॉगबुकात पहिल्या दिवसापासून वेगळे दाखवा. लायसन्सच्या कन्व्हर्जनच्या वेळी जुनी पानं उकरत बसणं फार त्रासाचं.

३. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 जण गेले. त्यानंतर कायदा बदलला आणि 2013 पासून अमेरिकेत एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण 1500 तास लागू लागले. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास 1500 च्या वरच होते. भारतात आणि युरोपात 200 तासांची मुलं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, करून एअरबसच्या उजव्या सीटवर बसतात. मला ही पद्धत जास्त पटते, सिम्युलेटरवर काटेकोर शिकवत असतील तर. सेसनातून त्याच त्या चकरा मारून जेट येत नाही.

४. युरोपात थिअरीचे 13 पेपर, पासिंग 75 टक्के. ब्रिटनचं मात्र 2021 पासून वेगळं बिऱ्हाड. त्यामुळे ब्रिटिश लायसन्सवर युरोपच्या नियमांतल्या आयर्लंडमध्ये नोंदलेलं विमान उडवता येत नाही.

५. अमेरिकेतून परतलात की अल्टिमीटर इंचांऐवजी हेक्टोपास्कलमध्ये. सवय होते.

६. डीजीसीएचं क्लास वन मेडिकल हातात पडल्याशिवाय कुठल्याही देशातल्या स्कूलला एक रुपयाही भरू नका.